चवड सरळ करून दाखवा

मास्तर म्हटल्यावर कोणी शाळामास्तर डोळ्यांसमोर आणू नये. हे पुस्तकबांधणीच्या कारखान्यातले मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी कागद कापले, पुठ्ठे चढवले आणि हाताखाली इतकी माणसं तयार केली, की त्यातल्या काहींनी स्वतःचे कारखाने थाटले. मास्तर मात्र नाकासमोर चालत राहिले. त्यांची बायको त्याच कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायची, म्हणून ती मास्तरीण. नाव चेष्टेने पडलं होतं, पण घरातली मास्तरकी खरोखरच तिची होती.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. हातांच्या नसा गेल्यात, त्या परत यायच्या नाहीत, असं दवाखान्यात सांगितलं. मास्तरांनी हे कोणालाच कळू दिलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका दुपारी कापायच्या मशीनचं पातं खाली येत होतं आणि त्यांचा डावा हात अजून कागदावरच होता. तो तिथे आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. मास्तरीण ओरडली, मालक धावला, मशीन बंद झालं. पातं बोटांपासून दोन सुतांवर थांबलं होतं.

मालक काही वाईट माणूस नव्हता. त्याने मास्तरांना पाणी दिलं, स्वतःही प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, उद्यापासून येऊ नका. तुमचा हात गेला तर मला जन्मभर जेवण जायचं नाही."

मग अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज आला. अर्जाबरोबर दाखले आले, दाखल्यांबरोबर हेलपाटे आले आणि चार महिन्यांनी एकदाचं तपासणीचं बोलावणं आलं. त्या सरकारी कचेरीच्या बाकावर मास्तरणीने नवऱ्याला शेवटचं बजावलं.

"हात मांडीवर ठेवायचे. जमत नाही ते जमत नाही म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खरं बोलायचं. तेच तर तुम्हाला जमत नाही."

आत डॉक्टरीणबाई होत्या. वयाने लहान, बोलायला गोड आणि कामाने पार पिळून निघालेल्या. त्यांनी विचारलं, "शर्टाची बटणं स्वतः लावता?"

"लावतो की."

सकाळी सगळी बटणं जिने लावली होती, ती मागच्या खुर्चीवर जोरात खोकली. मास्तरांनी लक्ष दिलं नाही. परक्या बाईसमोर, बायको मला कपडे घालते, असं कुठला पुरुष कबूल करील? मग बाईंनी सुई टोचली. मास्तर सुईकडेच बघत होते, त्यामुळे टोचली की लगेच "कळतंय" म्हणत होते. परीक्षेत पहिलं यायचंच, अशा थाटात बसले होते.

त्यातच टेबलाच्या कडेवरचा फायलीतल्या कागदांचा ढीग घसरला. तो जमिनीवर पडायच्या आत मास्तरांचे हात पुढे गेले. दोन तळव्यांत ढीग पकडला, वाकवला, कागदांमधून फर्रकन वारा खेळवला, टेबलावर एकदा उभा ठोकला, एकदा आडवा ठोकला. जागेवर ठेवला तेव्हा कागदांच्या चारी कडा नुकत्या कापल्यासारख्या एका रेषेत होत्या.

"वा," डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. "असा माणूस मला इथे हवा होता."

वर्षभरात मास्तरांच्या कामाला कोणी वा म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला. "एकतीस वर्षं हेच केलंय, बाई."

मास्तरणीने त्यांना दंडाला धरून उठवलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्जदार दोन्ही हातांनी वस्तू हाताळू शकतात, कागद लावण्यासारखं हलकं काम करू शकतात, सबब पेन्शनला पात्र नाहीत. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना चक्क बरं वाटत होतं. ते बघून मास्तरणीने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन मालकाकडे गेले. मालकाने पत्र वाचून परत केलं. "पत्र त्यांचं आहे, मास्तर. मशीन माझं आहे." कचेरी म्हणते काम करू शकतो, कारखाना म्हणतो करू शकत नाही, आणि दोघंही मोठ्या अदबीने म्हणतात. माणसाने मधल्या मध्ये कुठे जायचं ते कोणी सांगत नाही.

महिनाभर घरी बसून मास्तर गेले गल्लीच्या टोकाच्या नव्या कारखान्यात. तिथे कापायच्या मशीनवर माणूस हवा होता आणि मास्तरांचं नाव ऐकून तिथला पोरगेलासा मालक खुर्चीतून उठला. बोटांचं त्याला ठाऊक नव्हतं. मास्तरांनीही सांगितलं नाही.

"सोमवारपासून या म्हणालेत," घरी येऊन ते म्हणाले.

मास्तरणीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "त्या मशीनवर?"

"मग काय करू? तुझ्या एकटीच्या जिवावर बसून खाऊ?"

"शुक्रवारी फेरतपासणी आहे. अर्ज केलाय मी."

"त्यांनी हो म्हटलं तर नाही जात. नाही म्हटलं तर सोमवारी जाणार. आता यावर बोलू नकोस."

तेव्हापासून तिला पातं दिसायला लागलं. भाजी चिरताना दिसायचं, दार लावताना दिसायचं. शुक्रवारी सकाळी बटणं लावता लावता ती म्हणाली, "ते कागद देतील हातात. सोडून द्या."

"कागद पाडू? मी?" एखाद्याच्या मुस्कटात मारायला सांगितल्यासारखे ते बघत राहिले.

"अहो, पाया पडते तुमच्या. एकदाच."

शेवटचं बटण लागल्यावर ते "बरं" म्हणाले.

फेरतपासणीला तिघं होते: डॉक्टरीणबाई, टक्कल पडलेले अध्यक्ष आणि शिक्का घेऊन बसलेला कारकून. अध्यक्षांनी कोऱ्या कागदांचा जाडसर गठ्ठा पुढे केला. "चवड सरळ करून दाखवा."

मास्तरांनी गठ्ठा घेतला. मास्तरणीने श्वास धरला. तळवे सैल पडलेले तिला दिसले, कागद बोटभर घसरलेही. आणि तेवढ्यात मास्तरांनी ते पुन्हा धरले. दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता, पण हातांना तो पाळता येईना. वारा खेळवला, उभा ठोकला, आडवा ठोकला. चवड आरशासारखी झाली.

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने शिक्का उचलला.

मास्तरीण उठली, दोन पावलं पुढे गेली आणि नवऱ्याच्या कोपराला खालून सगळ्या ताकदीने फटका मारला.

कागद खोलीभर उडाले.

"बाई, हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले.

"आता उचलायला सांगा त्यांना."

डॉक्टरीणबाई मदतीला वाकल्या. "तुम्ही हात लावू नका," मास्तरीण म्हणाली. "तुम्ही फक्त बघा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. चार माणसांत तिने त्यांचा असा अपमान कधी केला नव्हता. मग ते गुडघ्यांवर बसले.

जाड गठ्ठा दोन तळव्यांत राहतो, त्याला बोटं लागत नाहीत. गुळगुळीत फरशीवरचा एकटा कागद उचलायला त्याची कड कुठे आहे हे बोटाच्या टोकाला कळावं लागतं. मास्तरांची नखं कडेवरून निसटून गेली. पुन्हा गेली. त्यांनी बोट जिभेला लावलं, तरी कागद नुसताच पुढे सरकला. तो टेबलाखाली गेला तसे तेही रांगत टेबलाखाली गेले. बाहेर दिसत होते फक्त त्यांचे झिजलेले तळपाय.

"पुरे," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"लिहा आधी." मास्तरणीचा आवाज फाटला होता, डोळे वाहत होते, पण ती जागची हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी फाइल ओढून घेतली. टेबलाखाली नखांचं खरवडणं चालूच होतं. बाईंचं पेन थांबेपर्यंत मास्तरीण नवऱ्याला उठवायला वाकली नाही.