नदीची खूण

माझे बाबा जन्मापासून बहिरे. ते पुस्तकांचं बाइंडिंग करतात, आणि घरात आई, बाबा आणि मी तिघंही हातांनीच बोलतो. त्यामुळे मी पुढे दुभाषी झाले यात नवल नव्हतं. सभेतलं, दवाखान्यातलं बोलणं मी बहिऱ्या माणसांपर्यंत खुणांनी पोचवते. पण गाण्यांचा कार्यक्रम पहिल्यांदाच आला, आणि मला घाम फुटला.

रविवारी दुपारी बाबांसमोर सरावाला बसले. पहिलंच गाणं, ‘तू नदी, मी काठ’. मी पाण्याची खूण केली, मग काठाची, मग प्रेमाची.

बाबांनी खळीचा ब्रश बाजूला ठेवला. “म्हणजे ती निघून जाते आणि हा तिथेच बसून राहतो?”

“तसं नाही हो बाबा. उपमा आहे ती.”

“असेल. पण बायको वाहून चालली आणि हा गाणी कसली म्हणतोय?”

मला हसू आवरेना. पुढच्या गाण्यांतलं चांदणं, वेल, पाऊस, सगळं करून दाखवलं. बाबा प्रत्येकाला नाक मुरडत राहिले. “वेल कळली गं. पण त्याला काय वाटतंय ते कुठाय?”

पलीकडे आई भाजी निवडता निवडता गुणगुणत होती. मी सहज बाबांना सांगितलं, “आई आत्ता तेच नदीचं गाणं म्हणतेय.”

बाबा एकदम थबकले. पस्तीस वर्षं ते आईच्या पाठीवर हात ठेवून तिच्या गाण्याची थरथर जाणून घेत आले होते. शब्द मात्र कधी विचारले नव्हते.

“नेहमी हेच म्हणतेस?” त्यांनी आईला विचारलं.

“नेहमी नाही,” आईचे ओले हात म्हणाले. “तुम्ही जवळ आलात की.” आणि ती या वयात चक्क लाजली.

बाबांनी डावा हात आडवा धरला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या कडेकडेने वाहू दिली. बोटं वळली तिथे डावा हातही वळला.

“काठ कुठे बसून राहतो?” ते म्हणाले. “पाण्यापायी झिजतो, वळतो. असं दाखव.”

कार्यक्रमात मी तसंच दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारी बसलेल्या आजोबांच्या हातावरून बोटं फिरवून पाहिली. आजोबांनी हात मागे घेतला नाही.

तेव्हापासून बाबांना गाण्यांची चटकच लागलीये. आई कामं उरकून त्यांच्या टेबलाशी बसते आणि एकेक गाणं खुणांनी सांगते. बाबा चुका काढतात. एका गाण्यात चंद्र नुसताच वाट बघत बसतो, म्हणून त्यांनी तो कवी नापास केला. परवा आईच्या तोंडून साबणाची जाहिरात निघाली. बाबांनी तीही दोनदा करून दाखवायला लावली.