पिवळ्या ठिपक्याचा स्क्रू

फौजेत मी बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. आता दिल्लीतल्या द्वारकेत राहतो आणि दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना घेऊन बसतो. सायकलची चेन, कुकरची शिट्टी, बंद पडलेला मिक्सर, जे हाताशी असेल ते उघडून बघायचं. मुलं मला आजोबा म्हणतात, मराठी नसलेलीसुद्धा.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये क्षिप्रा राहते. मूळची कोल्हापूरची, नोकरी गुरुग्रामला, आणि रोज मोटरसायकलने जाते. गेल्या पावसाळ्यात अंडरपासच्या पाण्यात गाडी अडकली, तेव्हापासून तिचा सायलेन्सर गंजत चालला होता. शेवटी तिने करोल बागेतल्या राजवीरकडून नवा बसवून घेतला. राजवीर तिशीतला मेकॅनिक, लॅपटॉप लावून काम करणारा. त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरला एक छोटी डबी जोडली, पेट्रोलचं प्रमाण थोडं वाढवलं आणि सांगितलं, "तीन सौ किलोमीटर चला लो, फिर लाना. रीडिंग देखकर फाइनल करूँगा."

त्या रविवारी क्षिप्राने चावी माझ्या हातात दिली. "काका, मुलांना नवा सायलेन्सर दाखवा. मी तोवर कपडे वाळत घालून येते."

बाकीची मुलं क्रिकेटच्या मॅचला गेली होती. एकटी देविका आली होती. दहा वर्षांची, चौथ्या मजल्यावरच्या संपदाची मुलगी. प्रश्न विचारून भंडावून सोडते, म्हणून माझी लाडकी.

मी गाडी सुरू केली, रेसची मूठ पिळली आणि सोडली. सायलेन्सरमधून फट् फट् असा आवाज आला.

"आजोबा, हे पटाखे का वाजतायत?"

"इंजिन म्हणजे चूल समज. सायलेन्सर म्हणजे तिचं धुराडं."

"धुराडं काय असतं?"

"धूर बाहेर जायची वाट. ती मोकळी झाली की चूल जास्त हवा ओढते. हवा वाढली आणि लाकडं तेवढीच राहिली, तर?"

"आग नीट जळणार नाही."

"शाबास. इथे पेट्रोल कमी पडतंय."

इथपर्यंत मी बरोबर होतो. इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण देविकाने विचारलं, "मग तुम्हाला ठीक करता येतं?" आणि "या गाड्यांचं मला माहीत नाही" एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी शिकलो कार्ब्युरेटरवर. तिथे स्क्रू थोडा फिरवला की पेट्रोल वाढतं. या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तरी मी वाकून शोधलं, आणि हवेच्या झडपेपाशी एक स्क्रू सापडला. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. कंपनी असा ठिपका लावते तो हात लावू नका म्हणून. हे मला कळत होतं. मी पाऊण आटा फिरवला. रंगाचा पापुद्रा निघून खाली पडला.

इंजिन चढ्या आवाजात चालू लागलं आणि फट् फट् जवळजवळ थांबलं.

देविकाने टाळ्या वाजवल्या. "आजोबा, तुम्ही तर एकदम एक्सपर्ट आहात."

क्षिप्रा खाली आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. फट् फट् कमी झाल्याचं तिच्या आपोआप लक्षात येईल, मग सांगू, असं मनात होतं.

बुधवारी सकाळी ती सिग्नलपाशी पडली. वैजयंती, माझी बायको, आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मनगटाला प्लास्टर घालणं चाललं होतं.

"काका, मी मूठ सोडली तरी रेस उतरेना," ती म्हणाली. "गाडी पुढे ढकलतच राहिली. ब्रेक दाबला आणि घसरून बॅरिकेडवर गेले. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणालो, "बघू, निवांत बघू." वैजयंती म्हणाली, "अगं, हे बघतील सगळं, तू काळजी करू नकोस." मी औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

संध्याकाळी क्षिप्राने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की करोल बागेतल्या राजवीरने माझी गाडी बिघडवली, मी मरता मरता वाचले, कोणीही त्याच्याकडे जाऊ नका. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच गाड्या राजवीरकडे जातात. खाली भराभर अंगठे पडत गेले. मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

गुरुवारी लिफ्टमध्ये देविका भेटली. दार बंद झाल्यावर हळूच म्हणाली, "आजोबा, तो स्क्रू आपण..."

"नंतर बोलू हं, बाळा," मी म्हणालो. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

पुढच्या रविवारी राजवीर स्वतःच आला, स्कूटरवर, पाठीला लॅपटॉपची बॅग. कोणी बोलावलं नव्हतं. मुलं माझ्याभोवती जमलेली होती, ती त्याच्याकडे धावली. क्षिप्रा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खाली आली.

"मॅडम, गाली बाद में दे देना," राजवीर म्हणाला. "पहले गाड़ी देखने दो. मेरी गलती निकली तो सारे ग्रुप में माफी माँगूँगा."

त्याने सीट काढली, वायर जोडली, लॅपटॉप शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मूठ पूर्ण सोडलेली असताना पडद्यावर शून्य दिसायला हवं होतं. चार दिसत होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं की चालवणाऱ्याने मूठ अजून थोडी पिळलेलीच आहे, म्हणून तो पेट्रोल सोडत राहिला होता. राजवीरने हे मुलांना इतकं सोपं करून सांगितलं की त्याच्या जागी मी असतो तरी याहून सोपं सांगता आलं नसतं. मग तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता.

"ये स्क्रू किसने छेड़ा? इसका तो पेंट टूटा हुआ है."

"गाड़ी तो आपके पास ही थी," क्षिप्रा म्हणाली. "और कौन हाथ लगाएगा?"

"मॅडम, मैं इसे कभी नहीं छूता. मेरे यहाँ से निकलने के बाद किसी ने खोला इसे?"

क्षिप्राने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता, माझ्या साक्षीची अपेक्षा होती. "काका, त्या दिवशी चावी तुमच्याकडे होती. कोणी आलं होतं का गाडीजवळ?"

मी तोंड उघडायच्या आत देविका पुढे आली.

"कोणी नाही आलं, ताई. मी तिथेच होते ना. आजोबांनी फक्त सायलेन्सर दाखवला. बिल्कुल हात नाही लावला."

तिचा आवाज जराही हलला नाही. बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, फळ्यावर गणित सोडवून झालं की बघते तसं.

राजवीरनेही माझ्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. त्याला सगळं कळलं असावं, कारण तो खाली बघत म्हणाला, "चलो, हो गया होगा मुझसे ही."

फौजेत असताना एकदा माझ्या हातून ट्रकचं इंजिन बसलं होतं आणि साहेबांनी सगळ्या पलटणीसमोर मला उभं केलं होतं. तेव्हा मान खाली गेली होती. पण तेव्हा माझ्यासाठी कोणाला खोटं बोलावं लागलं नव्हतं. सहा वर्षांत या मुलीला मी काय काय शिकवलं, आणि लिफ्टमधल्या एका वाक्यात हे शिकवलं.

"स्क्रू मी फिरवला," मी म्हणालो.

राजवीरला नीट कळावं म्हणून हिंदीत पुन्हा म्हणालो, "राजवीर, मैंने घुमाया. निशान दिख रहा था, फिर भी घुमाया. क्षिप्रा, तू पडलीस ती माझ्यामुळे. मला बुधवारीच कळलं होतं."

क्षिप्राला समजायला वेळ लागला. "बुधवारी? तुम्ही दवाखान्यात माझ्या शेजारी बसला होतात, काका."

"हो."

"मी ग्रुपवर याचं नाव टाकलं ते तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

तिने चांगल्या हाताने फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. मी माझं नाव, फ्लॅट नंबर आणि काय केलं ते तिच्या फोनवरून लिहिलं. दोनदा पुसावं लागलं. राजवीर म्हणाला, "अंकल जी, इतना भी मत लिखो." मी लिहिलं.

तेवढ्यात मागून साकेत, आठ वर्षांचा, हसत म्हणाला, "म्हणजे देविका झूठी."

बाकीची मुलंही हसली. देविका लाल झाली. तिच्याकडे आधी बघायला हवं होतं, ते मी विसरलोच होतो.

"तिने माझ्यासाठी सांगितलं," मी साकेतला म्हणालो. "मी गप्प राहिलो म्हणून तिला बोलावं लागलं. झूठा मी."

"पण बोलली तर तीच ना," साकेत म्हणाला.

राजवीरने मुलांना पडद्याजवळ बोलावलं. स्क्रू मागे फिरवताना चाराचे तीन, दोन होताना बघायला सगळी तिथे गोळा झाली. देविका मात्र खांबाजवळ उभी राहिली. मी तिच्याशेजारी गेलो.

"तुम्ही सांगणारच होतात तर मला आधी का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी तुम्हाला वाचवत होते."

"मी सांगणार नव्हतो, देविका. तू खोटं बोललीस तेव्हा सांगावंसं वाटलं."

तिने थोडा विचार केला. "साकेत आता वर जाऊन सगळ्यांना सांगणार. आईलासुद्धा."

"त्याच्या आधी आपण जाऊ. मी सांगतो आईला."

"काय सांगणार?"

"तुझ्याकडून खोटं मी बोलवून घेतलं, असं."

ती लिफ्टकडे गेली नाही, जिन्याने निघाली. चौथ्या मजल्यापर्यंत तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी कठडा धरून तिच्या मागे चढत होतो, आणि प्रत्येक मजल्यावर मला दम खायला थांबावं लागत होतं तेव्हा तीही थांबत होती, दोन पायऱ्या वर, पाठमोरी. दारापाशी पोचल्यावर तिने माझा श्वास जागेवर येऊ दिला. मग बेल वाजवली.