वीबकेच्या सॅकमधली घोंगडी

मी एक घोंगडी बोलतेय. जाड, तपकिरी, अंगाला टोचणारी. मऊ मी कधीच नव्हते आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. माझ्याकडे यायची ती दिवसभर डोंगर तुडवून आलेली माणसं. त्यांना टोचणंबिचणं कळायच्या आत झोप लागायची.

माझ्या एका टोकाला मोठ्या अक्षरांत विणलेलं आहे, 'पायांकडची बाजू'. गिरणीतून बाहेर पडले तीच ही अक्षरं घेऊन. आमच्या जर्मनीतल्या यूथ हॉस्टेलांमध्ये अशा घोंगड्या असायच्या. आत शिरून झोपायची चादरीची पिशवी ज्याची त्याने घरून शिवून आणायची, पण घोंगडी हॉस्टेलची. आज याच्या अंगावर, उद्या त्याच्या. काल जिथे कुणाचे पाय होते तिथे आज कुणाचं तोंड यायला नको, म्हणून ही अक्षरं. मला स्वतःला पायांचा कधी राग आला नाही. फोड आलेले, चिखलाचे, थंडगार पडलेले, सगळे पाय मी ऊब देऊन झोपवले.

आमचं हॉस्टेल एल्मशाइड गावाच्या वर, टेकडीवर. हॉस्टेल चालवणाऱ्या जोडप्याला सगळे घरबाबा आणि घरआई म्हणायचे. घरबाबा एर्हार्ड ब्रोकमान तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता, पण रुबाब असा की साठीला आलेले मास्तरसुद्धा त्याच्यासमोर बूट पुसून उभे राहायचे. घरआई रोस्विटा मात्र लोण्यासारखी. मोठ्या किटलीतून लाल चहा वाढताना ती प्रत्येक पोराला नावाने हाक मारायची.

निघायच्या दिवशी सकाळी एर्हार्ड तपासणी घ्यायचा. पोरांनी आपापल्या घोंगडीची तीन पदरी घडी घालायची, अक्षरं वर ठेवायची, आणि ती दोन्ही हातांवर घेऊन ओळीत उभं राहायचं. तो एकेका घडीवरून हात फिरवत पुढे जायचा.

"एर्हार्ड, पोरं आहेत ती, पलटण नाही," रोस्विटा म्हणायची.

"म्हणूनच तर. आत्ता नाही शिकली तर कधी शिकणार?"

मला खरं सांगायचं तर त्या ओळीचा अभिमान वाटायचा. सगळ्यांत वर, नीट घडीत, अक्षरं मिरवत बसायला कुणाला आवडणार नाही?

मे महिन्यात उत्तरेकडच्या सपाट मुलखातून एक वर्ग आला. चोवीस मुलं आणि त्यांच्या थाडेन बाई. त्यातल्या वीबके हार्म्सच्या वाट्याला मी आले. दहा वर्षांची, काडीसारखी पोर. आईला सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. पहिल्या दिवशी तिने माझी अक्षरं बोट फिरवून वाचली आणि मला अगदी बरोबर बाजूने पांघरलं. तेवढ्यावरच ती मला आवडली.

निघायच्या दिवशी सकाळी, घंटा व्हायच्या आधी, ती दचकून उठली. अंथरूण ओलं झालं होतं. चादरीची पिशवी भिजली होती, गादी भिजली होती, आणि मी तर पार चिंब. लोकर ती, जेवढं मिळेल तेवढं पिऊन बसते.

आता तुम्हाला सांगते, आम्हा घोंगड्यांना यात काही नवल नव्हतं. वर्ग आला की त्यात असं एखादं पोर असायचंच. मला बोलता येत असतं तर म्हटलं असतं, अगं, त्यात काय एवढं! पण ती हुंदका गिळून कामाला लागली. पिशवी तिची स्वतःची, ती सॅकमध्ये गेली. गादी तिने सगळा जोर लावून उलटी केली. उरले मी. मला हातांवर घेऊन ओळीत उभं राहायचं होतं, आणि एर्हार्डचा हात माझ्यावरून फिरणार होता.

"वीबके, चल ना! बस येईल!" शेजारच्या खाटेवरची बिर्टे ओरडली.

"तू हो पुढे. माझा बूट सापडत नाहीये."

बूट पायातच होते. आईने विणलेला स्वेटर आणि पावसातले रबरी बूट तिने सॅकमधून काढले, खाटेखाली ढकलले आणि त्या जागेत मला कोंबलं. तो स्वेटर तिला किती आवडायचा, हे दोन दिवस मी बघितलं होतं.

बाहेर ओळीत एर्हार्डचा आवाज चढला होता. "अक्षरं खाली? म्हणजे पायांच्या जागी तोंड घालून झोपलीस काय गं?" बिर्टेची फजिती झाली, सगळी पोरं खो खो हसली, आणि त्या हसण्याच्या आडून वीबके भिंतीला घासत बाहेर पडली.

टेकडीवरून स्टेशनपर्यंत दिवसाला तीन बस. नऊ वाजून दहाची बस बरोबर नऊ दहाला आली. वीबके सॅक मांडीवर घेऊन बसली. तिच्या मांडीला ओल लागत होती, तरी तिने मला घट्ट धरलं होतं.

"पोरी, खाली ठेव की ती सॅक," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "सोनंबिनं नेतेस काय?"

बस हसली. वीबके खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचा बेत साधा होता. धुवायची, वाळवायची, पोस्टाने परत पाठवायची. आई कामाला गेल्यावर तिने मला न्हाणीच्या टबात टाकलं आणि हात भाजेल इतकं कढत पाणी सोडलं. लोकरीला कढत पाणी चालत नाही, हे दहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? मी आक्रसले. दोन मीटरची होते, जेमतेम सव्वा मीटरची झाले. अक्षरं एकमेकांना खेटून गिचमिड झाली. वीबके टबाच्या कडेवर बसून इतकी रडली की मला माझं आक्रसणं परवडलं असं वाटलं.

आठवड्याने शाळेत घरबाबांचं पत्र आलं. थाडेन बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्यात 'चोरी' हा शब्द होता. 'ज्याने केली असेल त्याने पुढे यावं,' असंही होतं. कुणी पुढे आलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर वीबकेने मला कपाटावर टाकलं आणि वरून जुनी वर्तमानपत्रं ठेवली.

त्यानंतर ती कधी सहलीला गेली नाही. सहल निघाली की हिचं पोट दुखायचं. पुढे ती बंदरात क्रेन चालवायला लागली. वीस वीस टनांचे खोके जहाजातून अलगद उचलून ठेवायची, पण मैत्रिणीच्या घरी मुक्काम करायचा म्हटलं की काहीतरी निमित्त काढायची. लग्न झालं, तीन घरं बदलली, प्रत्येक घरात मी कपाटावर.

"हे काय, मांजराचं अंथरूण?" नवऱ्याने, फोल्कर्टने, एकदा विचारलं. "टाकून देऊ का?"

"हात लावशील तर बघ!"

बिचाऱ्याने पुन्हा विषय काढला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं हे घोंगडं भिजत पडलं.

गेल्या वसंतात तिची नात यांका, नऊ वर्षांची, फुरंगटून बसली होती. वर्गाची सहल निघाली होती आणि ती जाणार नव्हती. "पोट दुखतंय," म्हणाली. वीबकेने तिच्याकडे बघितलं. मग खुर्चीवर चढून मला खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

यांकाने माझी गिचमिड अक्षरं चाचपली. "मग तू परत का नाही दिलीस?"

"लाज वाटली गं."

"अजून वाटते?"

"हो."

यांकाने विचार केला. "तू परत देऊन आलीस ना, तर मी जाईन."

झालं! त्या मंगळवारी आम्ही निघालो. दोन गाड्या बदलून स्टेशनवर उतरलो. मोठी बस केव्हाच बंद झाली होती. आता गावातली निवृत्त माणसं आळीपाळीने आठ सीटांची छोटी बस चालवतात, फुकट, गावाची सोय म्हणून. दोन दहाला ती आली. आत वीबके एकटीच.

"पट्टा लावा, बाई. वळणं फार आहेत."

तो आवाज! पिशवीच्या आत मी ताठ झाले. म्हातारा झाला होता, केस गेले होते, पण आवाज तोच. वीबकेने मात्र ओळखलं नाही.

"हॉस्टेलवर जायचंय," ती म्हणाली. "तिथे पूर्वी एक घरबाबा होते. ब्रोकमान."

"तो? तो आता मंगळवारी बस चालवतो. काय काम होतं त्याच्याकडे?"

वीबके पिशवीची गाठ सोडायला लागली. बस गावातल्या थांब्यावर आली, वेळेच्या चार मिनिटं आधी. वेळ होईपर्यंत थांबावं लागणार होतं. एर्हार्डने इंजिन बंद केलं. वीबकेने मला बाहेर काढून त्याच्या पुढ्यात धरलं आणि एका दमात सांगून टाकलं. ओलं अंथरूण, सॅक, कढत पाणी, सगळं. "चोरी नव्हती हो ती," शेवटी म्हणाली, आणि क्रेन चालवणारी ती बाई दहा वर्षांच्या पोरीसारखी रडायला लागली.

एर्हार्डने माझ्यावर हात ठेवला.

"माझ्या काळात सात घोंगड्या गेल्या," तो हळू म्हणाला. "सातही वेळा मी शाळेला पत्र लिहिलं. मी सातही पोरांना चोर समजत होतो." तो माझी घडी सरळ करत राहिला. "रोस्विटा सांगून सांगून थकली, ती ओळ बंद कर म्हणून. मी ऐकलं नाही. माफ कर, पोरी. मला कळायला हवं होतं."

दार उघडून एक म्हातारी आत डोकावली. "एर्हार्ड! दोन मिनिटं उशीर झालाय!"

"होऊ दे," तो म्हणाला.

वीबकेने डोळे पुसले आणि फोन लावला. "यांका? दिली गं. भर आता तुझी सॅक."

हॉस्टेलने मला घेतलं नाही. तिथे आता पांढऱ्या शुभ्र दुलया असतात आणि बाहेरचं अंथरूण आत चालत नाही. म्हणून मी या छोट्या बसमध्ये पुढच्या सीटवर राहते. आक्रसले त्याचा एक फायदा झाला, म्हाताऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर मी अगदी बेतशीर बसते. "टोचते मेली," म्हणतात, आणि उतरेपर्यंत सोडत नाहीत.

मी सुखात आहे. पण माझ्या सहा बहिणी अजून कुठे कुठे कपाटांवर, ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत, आणि त्यांच्यापायी सहा माणसं अजून मान खाली घालून आहेत. तुम्ही त्यांतले असाल, तर या. मंगळवारी, दोन दहाला, स्टेशनसमोर. घोंगडी माझ्या शेजारी ठेवा आणि बसा. तो म्हातारा तुमचीच वाट बघतोय.