काळी आणि कोरा

घड्याळजींच्या घरी सशांचा कायदा मोठा कडक होता. नाकावर फुलपाखरासारखा डाग, डोळ्यांभोवती कडं, पाठीवर सरळ पट्टा आणि कुशीवर ठिपक्यांची माळ, एवढं असेल तोच ससा प्रदर्शनाच्या टेबलावर चढणार. दर वेताला निम्मी पिल्लं नापास व्हायची. काही नखशिखान्त काळी, तर काही इतकी कोरी की ठिपका शोधायला भिंग लागावं. दोन महिन्यांची झाली की त्यांची रवानगी रोपं विकणाऱ्या माळीबुवांकडे. अकरा वर्षं हेच चाललं होतं, आणि अकरा वर्षं चषक हुलकावणी देत होता. त्याच्यासाठी ठेवलेल्या फळीवर नुसती धूळ बसत होती.

या खेपेला काळीची पाळी आली. घड्याळजींच्या बायकोचा तिच्यात जीव अडकलेला. शिलाई मशीन सुरू झालं की ही बया हटकून तिच्या पायाशी येऊन बसायची.

"अहो, माळीबुवा इतक्या सशांचं करतात तरी काय?"

"मला काय ठाऊक?" घड्याळ दुरुस्त करताना डोळ्याला लावलेलं भिंग न काढता घड्याळजी म्हणाले.

"अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत?"

"नापासांची चौकशी कोण करतं!"

तिनं मशीन थांबवलं. माळीबुवा चांगले खातेपिते गृहस्थ, आणि पातेलं काय, सगळ्यांच्याच घरी असतं. काय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, तसलं काही दिसलं तर काळीला सरळ परत आणायचं, असं ठरवून ती टोपली घेऊन स्वतःच निघाली.

माळीबुवांनी तिला रोपांमागच्या शेडमध्ये नेलं. तिनं भीतभीतच पहिल्या पिंजऱ्यात डोकावलं. मग दुसऱ्यात, मग लगबगीनं तिसऱ्यात. जिकडे बघावं तिकडे फुलपाखरं, पट्टे, माळा!

"अगंबाई! हे कुठून आणलेत?"

"आणतोय कुठला? तुमचेच की, वहिनी. काळी मादी आणि कोरा नर एकत्र सोडायचे. पिल्लं झाडून सगळी ठिपक्यांची."

"दर वेळी?"

"दर वेळी. पहिलं वेत चुकून झालं. दुसरं मुद्दाम करून बघितलं."

"मग यांना का नाही सांगितलंत?"

माळीबुवा गोंधळले. "घड्याळजी एवढे जाणकार! मला वाटलं, ठाऊक असूनच देतात. घरी म्हणतोसुद्धा मी, माणूस मनानं फार मोठा."

ती परतली तेव्हा टोपलीत काळी होतीच, शेजारी एक कोराही होता. तिनं सगळं सांगितलं. घड्याळजींनी भिंग काढलं आणि त्या रिकाम्या फळीकडे बघितलं.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, हो, आमचे हे पहिल्यापासून असेच."

घड्याळजींचे कान लाल झाले. त्यांनी उठून काळीला दोन्ही हातांनी उचललं, जपून, आजवर फक्त ठिपकेवाल्यांनाच उचलायचे तसं, आणि म्हणाले, "उद्या मी जातो माळीबुवांकडे. शिकवणी घेतात का, विचारून येतो."