वाघोलीच्या मीटिंग रूममधला ‘बहिरा’ माइक

मी एक जुना माइक आहे. बहिरा नाही. मित्रांनो, हे दुसरं वाक्य नीट ध्यानात ठेवा आणि मगच पुढे वाचा, कारण गेली सहा वर्षं मी ही बदनामी ऐकतो आहे. ऐकतो आहे, म्हणजे बघा!

वाघोलीच्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत, लांब मेजाच्या मधोमध माझी जागा आहे. मी काळा, चपटा, बशीएवढा. कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्यासमोर टाचणी पाडून पाहिली होती आणि मी ती ऐकली होती. इथे आलो त्या दिवशी मला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले. कॉलेजं बंद होती त्या काळात प्राध्यापक तासन्तास माझ्यासमोर बसून शिकवत. पुढे गरज सरली. लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. चिवड्यातली मोहरी अजून माझ्या जाळीत अडकलेली आहे.

पण माझं खरं नुकसान पहिल्याच रविवारी झालं होतं. मला बसवायला आलेल्या माणसाने रिकाम्या खोलीत, पंखा बंद ठेवून, तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर आणलं आणि तो “हॅलो, चेक, वन टू थ्री” असं ओरडला. हिरवा दिवा लागला. कोपऱ्यातल्या कपाटात एक पेटी आहे, ती आवाजाची पातळी ठरवते. तिला त्याने ‘ऑटो’वर टाकलं, कागदावर सही घेतली आणि तो निघून गेला. खुर्च्यांवर माणसं बसणार आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

‘ऑटो’ म्हणजे काय, ते सांगतो. मोठा आवाज आला की पेटी माझा कान क्षणात पिळते, म्हणजे मी ऐकलेलं पुढे अगदी बारीक करून पाठवते. आवाज थांबला की कान सोडते, पण सावकाश, चार-पाच सेकंद घेऊन. तेवढ्या वेळात कोणी हळू बोललं, तर ते पलीकडे पोचतच नाही.

आणि आमच्याकडे दिगंबर सर आहेत. विभागप्रमुख. वर्गात शंभर मुलांना माइकशिवाय शिकवलेला माणूस, बसायला माझ्या अगदी शेजारी. विद्यार्थ्याला प्रश्न विचारला गेला की उत्तराच्या आधी “हं, बोला!” असं गरजायची त्यांना सवय. धीर द्यायला म्हणतात, मनाने वाईट नाहीत. पण त्यांच्या प्रत्येक “हं, बोला!”ला माझा कान पिळला जायचा आणि उत्तराची पहिली दोन वाक्यं गिळली जायची. दोष माझ्यावर. माझं नाव भंगाराच्या यादीत घातलं. भिंतीवर कागदही चिकटवला: “माइक बहिरा आहे. ओरडून बोलावे. वाद घालू नये.”

मुक्ताईचं याच खोलीत वाटोळं व्हायची वेळ आली. मुक्ताई दिग्रसची. शेततळ्यातलं पाणी जमिनीत का आणि किती मुरतं, यावर तिने पाच वर्षं काम केलं. आवाज बारीक, पण शब्द पक्का. तिच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षकबाई पडद्यावर होत्या. त्या विचारत, सर गरजत, मुक्ताई उत्तर देत असे, सर मधूनमधून पुन्हा गरजत आणि बाईंना शेवटचे चार शब्द तेवढे ऐकू येत. बाईंनी शेरा लिहिला, “उमेदवाराला उत्तरे येत नाहीत. एक शेवटची संधी द्यावी.”

मी सगळी उत्तरं ऐकली होती. पण मला कोण विचारतो?

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सर तिला म्हणाले, “उद्या जरा ओरडून बोला. ती पाटी वाचली ना?”

“वाचली सर. मी ओरडणार नाही,” मुक्ताई म्हणाली. “माझा आवाज एवढाच आहे. ओरडायचंच असेल, तर माइक कशाला लावलाय?”

मित्रांनो, सहा वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं माणूस.

दाराशी रंगराव उभे होते. आमच्या विभागाचे शिपाई. त्यांनी गावच्या सप्ताहात वीस वर्षं लाउडस्पीकर सांभाळलेला. त्यांनी कपाट उघडलं, ‘ऑटो’ बंद केलं आणि पंखा पूर्ण वेगाने लावला.

“ताई, तुमी उद्या जिथं बसणार हायसा तिथंच बसा. रोज बोलता तसं बोला. काय बी बोला.”

“काय बोलू, काका?”

“तुमच्या तळ्याचं सांगा.”

ती सांगत राहिली आणि रंगराव तिच्या आवाजावर पातळी हळूहळू वर चढवत गेले. पंख्याची घरघर वर आली की थोडे मागे यायचे. मला इतक्या मायेने कोणी कधी हाताळलं नव्हतं. मग त्यांनी भिंतीवरचा कागद टरकन फाडला आणि सरांकडे वळले.

“सर, उद्या तुमी मागच्या खुर्चीत बसा.”

“अहो रंगराव, मी विभागप्रमुख आहे! मी मागे बसू?”

“बसा की. तुमचा आवाज कुठूनबी पोचतोय.”

सर दुसऱ्या दिवशी मागे बसले, तोंड फुगवून. पहिला प्रश्न आला आणि सवयीने ते गरजलेच, “हं, बोला!” यावेळी माझा कान कोणी पिळला नाही. पडद्यावर बाई दचकल्या.

“मागे कोण ओरडतंय? त्यांना थांबवा हो. मुलीचं मला स्वच्छ ऐकू येतंय.”

सर चाळीस मिनिटं तोंडावर रुमाल धरून बसले. मुक्ताई बोलत होती, तिच्या नेहमीच्या आवाजात, आणि मी तिचा एकही शब्द सांडू दिला नाही. शेवटी बाईंनी चष्मा काढला. “इतकी चांगली उत्तरं मागच्या वेळी का दिली नाहीत?”

“मागच्या वेळीही हीच दिली होती, मॅडम.”

बाईंनी आपला जुना शेरा पुन्हा वाचला. मग त्यांनी “माफ करा” म्हटलं आणि तिला उत्तीर्ण केलं.

माझं नाव अजूनही भंगाराच्या यादीत आहे. मला भंगारात काढायचं तर खुशाल काढा, मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, माझ्या जागी नवा माइक बसवाल त्या दिवशी पंखा चालू ठेवा आणि खोलीत सगळ्यात हळू बोलणारं माणूस आधी समोर बसवा. पातळी त्याच्या आवाजावर लावा. मोठ्या आवाजाची माणसं मागे बसली तरी चालतं.