आधीचं चित्र

लिपस्टिक ओठांना टेकली आणि तिने चित्र थांबवलं. पुढचा तुकडा लावला. तिथेही आरसा, तिथेही लिपस्टिक. तिच्यासारख्या कुणाचीही बातमी द्यायची म्हटली की कुठल्याही वाहिनीचा कॅमेरा ठरल्यासारखा आधी पायांवर जाई, मग नखांवर, मग आरशात. शेवटी लहानपणीचा फोटो, मुलाच्या कपड्यांतला, आणि त्याभोवती लाल गोल. असे तुकडे जमवून ते ओळीने मांडलेल्या पडद्यांवर एकाच वेळी चालवायचे, हे तिचं नवं काम होतं. प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

सकाळीच एक वार्ताहर बाई येऊन गेली होती. तिने सगळे पडदे पाहिले, "अंगावर येतं हो," म्हणाली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली,

"तुम्ही जरा आरशासमोर बसता का? लिपस्टिक लावतानाचा एक शॉट मिळाला असता."

"तुम्ही आत्ता काय पाहिलंत?"

बाई ओशाळून हसली. "मला कळतंय हो. पण वरचे ऐकत नाहीत. बरं, निदान लहानपणीचा एखादा फोटो?"

"तो नाही मिळायचा."

विषय तिथेच मिटला असं तिला वाटलं. पण निघता निघता बाईने विचारलं, हे व्हिडिओचं वेड कुठून आलं, आणि ती बोलून गेली. बाबांकडून. लग्नांचं शूटिंग करायचे. घड्याळाच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता, पाटी अजून आहे.

दुपारी वायरी जोडताना ते आठवलं आणि हातातली पक्कड तशीच राहिली. तिने घाईघाईने फोन लावला.

"हं," बाबा म्हणाले.

गेली कित्येक वर्षं त्यांचं बोलणं या 'हं'नेच सुरू होई. हाक मारायची वेळ ते येऊच देत नसत. जुनं नाव तोंडून निसटेल म्हणून, की नवं निघणारच नाही म्हणून, हे तिला कधी उमगलं नव्हतं. विचारायचा धीरही झाला नव्हता.

"बाबा, कुणी चॅनेलवाले आले होते का?"

"आले होते. चहा घेऊन गेले."

"काही मागितलं?"

"तुझी जुनी टेप मागत होते."

"आणि?"

"दिली एक."

बाबांच्या टेपांच्या कपाटातलं सगळं तिला पाठ होतं. लोकांची लग्नं उरकून उरलेल्या टेपांवर बाबा घरचं टिपून ठेवत. इस्त्रीचा गणवेश, पाणी लावून पाडलेला भांग, भिंतीला चिकटून अंग चोरून उभं असलेलं एक पोर. मागून बाबांचा आवाज : हस की रे जरा! ते पोर तिने आजवर आपल्या एकाही कामात वापरलं नव्हतं. जगाला दाखवायचं की नाही हे फक्त आपण ठरवायचं, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"मला एकदा विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"संध्याकाळी बातम्या बघ," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी रिकाम्या दालनात तिने एका पडद्यावर इंटरनेटवरून बातम्या लावल्या. करुण संगीत सुरू झालं. मग रंग उडालेली, सारखी हलणारी टेप. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला एक सडपातळ तरुण खिडकीशी उभा राहून लाजत केस सारखे करत होता. चित्र थिजलं. तरुणाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल फिरला. खाली अक्षरं आली : 'आधी'. शेजारी तिचा चेहरा : 'आता'.

तेच नाक, तीच हनुवटी. कुणालाही पटलं असतं.

ती जवळच्या स्टुलावर बसली. टेप हलत होती, कारण तो जड कॅमेरा त्या दिवशी पहिल्यांदाच भिंतीला चिकटणाऱ्या त्या लहान पोराच्या हातात दिला होता. टेपमध्ये ती कुठेच नव्हती. होते ते बाबा.

फोन वाजला.

"हं. पाहिलंस?"

"बाबा, त्यांनी तुम्हालाच..."

"तुझी आत्या फोनवर नुसती खिदळतेय. म्हणते, दादा, म्हातारपणी टीव्हीवर आलास तो असा!" ते हसायला गेले, पण खोकलाच आला. "त्या बाईने विचारलं होतं, हाच का तो?"

"मग?"

"मी हं म्हटलं."

बातमीखाली लोकांची मतं भराभर येत होती. तिने पडद्याकडे पाठ केली.

"आपण त्यांना कळवू या. तुमचा चेहरा आता सगळीकडे फिरेल. लोक काय काय लिहितात, तुम्हाला कल्पना नाही."

"वाचलं थोडं."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"कळवलं तर खरी टेप मागतील," बाबा म्हणाले. "मागतील ना?"

"मागतीलच," ती म्हणाली.

"मग राहू दे. मला समोर उभं राहायची सवय नाही, एवढंच."

फोन ठेवल्यावर तिने तो तुकडा उतरवून घेतला आणि ओळीतल्या शेवटच्या पडद्यावर लावला. लाल गोल यायच्या आत थांबवला. शर्टातला तरुण थेट तिच्याकडे बघत होता. हसता हसता त्याचा एक हात पुढे आला होता, कॅमेरा पडलाच तर झेलायला.