दुसरी बाजू धर

मित्रांनो, आधी एक सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत. माझ्यावर फुंकर मारायची नाही. बोटाने टकटक करायची नाही. 'हॅलो, हॅलो' तर मुळीच म्हणायचं नाही. मी टेलिफोन नाही. मी एक जुना मायक्रोफोन आहे. मेक्सिको शहरातल्या एका डबिंग स्टुडिओत माझी सारी हयात गेली. आता दर शनिवारी तुमच्यासारखी मुलं इथे आवाजाचं काम शिकायला येतात, तेव्हा मला खोलीच्या मधोमध उभं करतात. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा फुंकतोच. म्हणून हे गाऱ्हाणं.

माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक पट्टी ताणून बसवली आहे. चॉकलेटवरची चांदी असते ना, तिच्याहूनही पातळ. जोरात फुंकलं की ती सैल पडते, आणि मग माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. पण याच पट्टीमुळे माझ्यात एक गुण आहे. मला समोरून जितकं स्वच्छ ऐकू येतं, तितकंच पाठीमागूनही येतं. कडेने बोललात तर मात्र मी ठार बहिरा. त्यामुळे माझ्यावर काम करायचं तर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि मी त्यांच्या मध्ये. एकमेकांचं तोंड बघायचं नसेल, त्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म सरहद्दीपलीकडच्या एका कारखान्यात झाला. रेडिओवर नाटकं व्हायची त्या काळात मला लाकडी पेटीत, भुशात गुंडाळून इथे आणलं. पुढे परदेशी सिनेमे आणि कार्टूनं यायला लागली. त्यांना आपल्या भाषेत आवाज द्यायचे तर इथलेच नट. सगळी मंडळी माझ्याभोवती गोळा व्हायची. कुणी कांदा खाऊन आलं की समोरचा नाक मुरडायचा. संध्याकाळी रताळीवाला गल्लीत शिरायचा. त्याची गाडी म्हणजे चाकांवरची भट्टी, आणि तिची वाफेची शिट्टी अशी लांबलचक किंचाळते की जाड भिंतींनाही दाद देत नाही. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या जागी गप्प उभं राहायचं, असा इथला रिवाज. आजही तो येतो. बाकी सगळं बदललं, ती शिट्टी काही सुधारली नाही.

या नटांमध्ये कासिमिरो ओल्वेरा नावाचा एक तरणाबांड माणूस होता. पुढे सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले, तेव्हा मीही मास्तरच म्हणतो. एका कार्टूनमधल्या शूर बेडकाला त्यांनी वर्षानुवर्षं आवाज दिला. त्या बेडकाचं हसणं म्हणजे काय सांगू! कोपऱ्यावरची पाववाली ते हसू ऐकवा म्हणून त्यांच्या पिशवीत एक गोड पाव जास्तीचा टाकायची. मास्तरांचा मुलगा फाबियान लहान असताना कोल्ड्रिंकच्या क्रेटवर उभा राहून माझ्या पलीकडच्या बाजूने बोलायचा. मास्तर त्याला सांगायचे, "पडद्याकडे बघू नकोस. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघ. माणूस बोलायच्या आधी डोळ्यांत दिसतं." पोरगं हुशार होतं. बघता बघता चांगला नट झालं.

मग नवी यंत्रं आली. आता प्रत्येक नट काचेच्या खोलीत एकटा उभा राहतो, कानाला यंत्र लावतो, आपली वाक्यं म्हणतो आणि घरी जातो. आई सोमवारी बोलते, मुलगा गुरुवारी उत्तर देतो, आणि यंत्र दोघांना जोडून टाकतं. काम झटपट होतं, हे कबूल केलं पाहिजे. माझी रवानगी कपाटात झाली. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला नाताळच्या दिव्यांची माळ. मला फार वाईट वाटलं. पण कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू यायचं. ऐकण्यापलीकडे मला दुसरं काय येतं?

तिथेच मी बापलेकांचं बिनसल्याचं ऐकलं. मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बेडकाचे नवे भाग अडले होते, म्हणून स्टुडिओने ते काम फाबियानला दिलं. त्याने घेतलं. वडिलांना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, बरे झाले की सांगू, असं करत राहिला. इकडे इस्पितळाच्या वॉर्डात टीव्हीवर कार्टून लागलं, आणि मास्तरांनी आपल्या बेडकाला मुलाच्या आवाजात हसताना ऐकलं. नर्स कौतुकाने म्हणाली, "मास्तर, आज काय आवाज लागलाय तुमचा!" त्यांच्या गळ्याला पट्टी होती, बोलायची बंदी होती. पुढे बंदी उठली, पण मुलाशी ते बोलले नाहीत. चार माणसांत नमस्कार, बास. फाबियान घरी गेला की मास्तर नेमके फिरायला गेलेले असायचे.

अशात एक सिनेमा आला. अचाट शक्ती असलेल्या एका कुटुंबाचा, रंगीत चित्रांचा, लहानथोर सगळ्यांसाठी. मी म्हटलं, आला आणखी एक. मित्रांनो, मी सिनेमे बघत नाही, नुसते ऐकतो. शक्तिमान वीरांचे सिनेमे डोळे मिटून ऐकून बघा. धडाम, हुंकार, किंकाळी, मग पुन्हा धडाम. कोणता कुठला ते ओळखून दाखवा, मी हरलो म्हणेन.

हा सिनेमा मात्र वेगळा निघाला. डबिंगची दिग्दर्शिका अंपारोबाई बाहेर बसून तो पुन्हा पुन्हा लावायची आणि मी कपाटात कान टवकारून असायचो. त्यातला बाप वाटेल ते ओझं उचलतो. आई एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते, आणि त्यामुळे दुप्पट दमते. मुलाला लांबलांबचं ऐकू येतं. सुरुवातीलाच ते घर बदलतात. बाप एकट्याने फ्रीज उचलून जिना चढतो, मुलगा हात लावायला जातो, तर बाप म्हणतो, "बाजूला हो पोरा, मला कुणाची गरज नाही." सगळे हसतात. मीही हसलो. पण पुढे बापाची ताकद हळूहळू ओसरत जाते आणि तो ती गोष्ट घरात लपवतो. दार लावून धापा टाकतो, जेवताना बढाया मारतो. आणि मुलाला तर भिंतीपलीकडचं ऐकू येतं! त्याला सगळं माहीत असतं, तरी तो बापाच्या बढायांना हो ला हो म्हणत राहतो. म्हणजे बघा, टेबलावर कुणी नुसतं "मीठ दे" म्हणालं तरी आपला जीव वर-खाली होतो. खलनायक आहे, मारामारी आहे, पण आपण वाट बघतो ती बाप खरं कधी बोलतो त्याची. शेवटी पूल कोसळायला लागतो, बापाला तो एकट्याला पेलत नाही, आणि तो मुलाला म्हणतो, "दुसरी बाजू धर." जिन्यावर ज्या बढाईला आपण हसलो, तीच इथे आठवते, आणि आता कुणी हसत नाही. याला म्हणतात गोष्ट सांगणं. उगीच मोठे आवाज केले की गोष्ट होत नाही.

अंपारोबाईने बापाचं काम मास्तरांना दिलं आणि मुलाचं फाबियानला. तिला वाटलं असेल, काचेच्या खोल्या वेगळ्या, वार वेगळे, भांडणाचा प्रश्नच येणार नाही. मास्तरांनी जिन्यावरचं वाक्य असं म्हटलं की बाहेर बसलेली मंडळी खो खो हसली. पण शेवटचं वाक्य काही केल्या जमेना. मोठ्याने म्हणाले तर हुकूम वाटायचा, हळू म्हणाले तर रडगाणं. उघडच आहे. जन्मात कुणाला 'दुसरी बाजू धर' म्हणायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती. त्यातून ते एकटे उभे राहून काचेला सांगत होते.

ज्यांनी सिनेमा आणला होता, त्यांनी ते ऐकलं आणि निरोप धाडला. म्हाताऱ्यांचा आवाज थकलाय. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर त्यांना काढा. मुलगा बापाची नक्कल हुबेहूब करतो म्हणे, त्यालाच दोन्ही आवाज करू द्या.

अंपारोबाईने फाबियानला बोलावून हे सांगितलं. माझ्या पट्टीत धस्स झालं. एकदा झालं तेच पुन्हा होणार, आणि या वेळी मास्तर पुरते संपणार, असं मला वाटलं. पण फाबियान म्हणाला, "मी करणार नाही. आणि हा निरोप त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको, मी सांगतो." मग त्याने विचारलं, "बाई, तो जुना माईक अजून आहे का हो?"

कपाट उघडलं. नाताळची माळ माझ्या गळ्यात अडकली होती, ती काढली. अंपारोबाईने मऊ कापडाने मला पुसलं. इतक्या दिवसांनी कुणाचा हात लागला, मला भरून आलं.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तर आले. फाबियानने त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं होतं. आत आले ते ताठ मानेने, ओठ घट्ट मिटून. मला बघून मात्र थबकले. "हा बहिरट अजून जिवंत आहे?" म्हणाले. राग नाही आला मला. लाडाने बोलत होते.

खोली अरुंद. मी मध्ये, मास्तर एका बाजूला पडद्याकडे तोंड करून, फाबियान दुसऱ्या बाजूला. म्हणजे पडदा फाबियानच्या पाठीमागे गेला. त्याला चित्र दिसणारच नव्हतं. कधी बोलायचं हे त्याला बापाच्या डोळ्यांवरूनच कळणार होतं. अंपारोबाई म्हणाली, जागा बदलून घ्या. तो म्हणाला, असू दे.

पूल पडायला लागला. मास्तरांनी श्वास घेतला, वाक्य तोंडाशी आलं, आणि गल्लीत शिट्टी वाजली. रताळीवाला!

रिवाज म्हणजे रिवाज. दोघं तसेच उभे राहिले. शिट्टी थांबली की वाटायचं गेला, की पुन्हा सुरू. कुणीतरी रताळी घेत असणार. नाकासमोर नाक, जायला जागा नाही, बघायला दुसरं काही नाही. शिट्टीच्या मधल्या फटीत मास्तरच आधी बोलले.

"तो बेडूक तू नाकातून हसवतोस."

फाबियानने मान खाली घातली. "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पापा."

"हवं होतं." मास्तर खाकरले. त्यांचा आवाज खरंच थकला होता. काठावर थोडा फाटलेला. "मी नाही म्हटलं असतं का? मीच शिकवलं असतं तुला. बेडूक पोटातून हसतो."

"मला भीती वाटली."

"मला नाही वाटली? तिथे वॉर्डात पडल्या पडल्या वाटलं, संपलो आपण. आता आपली कुणाला गरज नाही."

शिट्टी एकदा जोरात वाजली आणि कोपऱ्यावर वळून विरत गेली. अंपारोबाई काचेपलीकडून हळूच म्हणाली, "घेऊ या?" तिचा आवाज भिजलेला होता. तिने मला बंद केलंच नव्हतं, सगळं ऐकलं होतं.

पूल पुन्हा पडायला लागला. मास्तर पडद्याकडे बघत होते, मग त्यांनी नजर काढली आणि समोर बघितलं. फाबियान त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होता, क्रेटवर उभा राहून बघायचा तसाच. मास्तर म्हणाले, "दुसरी बाजू धर." मोठ्याने नाही, हळूही नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं. फाटका काठ आवाजात तसाच होता, आणि तोच तर हवा होता. फाबियानने पुढचं वाक्य एक क्षणही न चुकता टाकलं, "धरली आहे, पापा. कधीचीच."

माझी पट्टी शहारली, मित्रांनो. इतक्या वर्षांत इतकं खरं मी क्वचित ऐकलं होतं.

सिनेमावाल्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा निरोप आला, फक्त दोन शब्दांचा: असंच ठेवा. मास्तरांचं काम मास्तरांकडेच राहिलं. सिनेमा लागला तेव्हा लोक मारामाऱ्यांची तारीफ करत थिएटरात शिरले आणि बाहेर पडताना आपापल्या बापाला फोन लावत होते, असं पाववाली सांगत होती. तिच्या बोलण्यात थोडं तिखटमीठ असतं, पण मी विश्वास ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी फाबियान वडिलांकडे गेला आणि मास्तर फिरायला गेलेले नव्हते. बेडकाचं काम आजही फाबियानच करतो, पण पोटातून. आणि ही शनिवारची शाळा त्या दोघांनी मिळून काढली आहे. मास्तर आता फार बोलू शकत नाहीत. ते एका बाजूला खुर्चीवर बसतात आणि खुणेने सांगतात, कधी बोलायचं ते.

तर मुलांनो, मला काम झाल्यावर कापडाने झाकत जा. ओल येईल अशा जागी ठेवू नका. फुंकू नका, हे पुन्हा सांगतो. आणि माझ्याकडे याल तेव्हा बरोबर कुणाला तरी घेऊन या. भाऊ असो, मैत्रीण असो, ज्याच्याशी अबोला आहे तो असला तर उत्तमच. एकटे आलात तर मी ऐकेन, पण माझी दुसरी बाजू रिकामी राहते.